धुमाळीत चालणारी घोडी

जालिंदर घाडग्याची घोडी धुमाळीत चालते, हे हरिसंगमात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कीर्तन ऐकणाऱ्याला धुमाळी म्हणजे काय ते सांगायला नको. पद उचललं की तबल्यावर जो आठ मात्रांचा झुलता ठेका लागतो आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्याचाही गुडघा ज्याच्यावर नकळत हलू लागतो, ती धुमाळी. जालिंदरची ही घोडी, गौळण तिचं नाव, दुडक्या चालीनं निघाली की तिच्या टापांतून तोच झोल उमटायचा. एक टाप भारी, एक हलकी. एक भरीव, एक नुसती टेकलेली. आणि भारी टाप पडली की ती मान खाली घालायची, एखाद्या जाणकाराची मान समेवर पडावी तशी.

हरिसंगम कृष्णाकाठचं गाव. एसटी स्टँडापासून घाटावरच्या राममंदिरापर्यंत पाऊण किलोमीटरचा दगडी उतार. त्याच्याखालची जमीन खचू लागल्यापासून नगरपालिकेनं त्यावर मोटारी बंद केल्या, मग बॅटरीच्या गाड्याही बंद केल्या, आणि सहा टांग्यांना तेवढी परवानगी ठेवली. बाकीच्या पाच टांग्यांत माणसं बसत. जालिंदरच्या टांग्यासाठी माणसं थांबून राहत.

जालिंदर सकाळी टांगेवाला आणि संध्याकाळी तबलजी. मुकुंदराव पोतनीस हे हायस्कुलातून संगीताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, पेटीवर साथ करणारे. देवळात कीर्तन कुणाचंही असो, डाव्या हाताला मास्तरांची पेटी आणि उजव्या हाताला जालिंदरचा तबला, हे अठरा वर्षं चाललेलं होतं. गावात दर रामनवमीला नऊ दिवस कीर्तनाला येणाऱ्या रोहिणीताई सप्र्यांनी तर एकदा भर कीर्तनात श्रोत्यांना टोमणा मारला होता, “अहो, तुमच्या गावातली घोडीसुद्धा समेवर मान डोलावते, आणि तुम्ही काय असे पार्सल आल्यासारखे बसलात?” मंडप हसला. जालिंदरची छाती दोन इंच फुगली. त्या दिवसापासून गौळण ही देवाच्या दारातलीच एक साथीदार झाली.

मुकुंदरावांचा त्या टांग्यावर आणखी एक लोभ होता. त्यांच्या पत्नीला, उज्ज्वलाताईंना, शेवटच्या आजारात चालवेना. तेव्हा दोन महिने रोज दुपारी जालिंदर टांगा दाराशी लावायचा आणि त्यांना देवदर्शन घडवून आणायचा. “किती जपून नेते हो ही,” उज्ज्वलाताई म्हणायच्या. “जणू तिलाही कुठंतरी दुखतंय.”

सगळे हसायचे. त्याही हसायच्या.

---

वेदनादर्शक मुकुंदरावांच्या फोनमध्ये आला तो दिवाळीत. त्यांची मुलगी केतकी पुण्याला जनावरांची डॉक्टर होती आणि ज्या चमूनं हे साधन तयार केलं, त्यात तीही होती. फराळ करता करता तिनं वडिलांना ते समजावून सांगितलं.

“बाबा, गाय, घोडा, शेळी, हे सगळे मुळात शिकार होणारे प्राणी. कळपात जो लंगडला, तो वाघाच्या तोंडी आधी गेला. म्हणून दुखणं लपवायचं, हे त्यांच्या रक्तातच आलंय. मालकाचं कितीही प्रेम असलं तरी त्याला दिसत नाही, कारण ते न दिसावं अशीच जनावराची सगळी धडपड असते.”

“मग तुमच्या यंत्राला कसं दिसतं?”

“चेहरा पूर्ण लपवता येत नाही. डोळ्यावरचा एक बारीक स्नायू आखडतो, नाकपुडी ताणली जाते, कान किंचित मागं वळतो. हे शास्त्रज्ञांना फार वर्षांपासून माहीत होतं. पण ते बघायला तज्ज्ञ लागायचा आणि तासभर वेळ. आता फोनमध्येच उष्णता बघणारा कॅमेरा आलाय, आणि दहा फुटांवरून छातीची कातडी किती थरथरते ते टिपणारी रडारची चिप. त्यावरून ठोके कळतात, श्वास कळतो. आम्ही अकरा लाख जनावरं टिपली. दवाखान्यात आलेलं जनावर वेदनाशामक द्यायच्या आधी कसं दिसतं, आणि औषध लागू पडल्यावर कसं दिसतं. या दोन चेहऱ्यांमधला जो फरक, तीच वेदना. यंत्र तेवढंच शिकलंय. शून्य ते दहा आकडा सांगतं.”

“आणि माणसाची?”

“माणसाच्या बाबतीत फसतं. माणूस न दुखताही कण्हतो.”

याचा परिणाम काय झाला, तो वर्षभरात महाराष्ट्रानं पाहिला. कायद्यात दुरुस्ती झाली. आकडा सातच्या वर गेला की पडद्यावर तांबडं बटण येई: पोलिसांना कळवा. दाबलं की चित्रफीत, जागा, वेळ, सगळं ठाण्यात. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त. आणि एकदा दिलेली तक्रार मागं घेता यायची नाही, कारण पूर्वी गावातली वजनदार माणसं दम देऊन तक्रारी मागं घ्यायला लावत. त्याच दिवशी पोलीस आणि सरकारी डॉक्टर येत आणि जनावर निवाऱ्यात नेत.

पुष्कळ जिवांचं भलं झालं, हे कुणीही कबूल करील. गच्चीत बांधून विसरलेली कुत्री सुटली. वीटभट्टीवरची जखमी गाढवं सुटली. पण शेजारी शेजाऱ्याच्या गोठ्याकडे फोन धरून उभा राहू लागला, आणि सासुरवाडीला आलेल्या जावयानं सासऱ्याची म्हैस पकडून दिल्याचीही बातमी आली. मोजता येऊ लागलं म्हणजे माणूस विचारायचं सोडतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

टांगा स्टँडवर या साधनाची थट्टाच जास्त व्हायची.

“मास्तर, जरा आमच्या मंगलवर धरा की,” जालिंदर बायकोच्या नावानं म्हणायचा. “गुडघं किती नंबरात हायत ते एकदा कळू दे. मला रोज दहा सांगती.”

“तिच्यावर धरलं तर बटण तुझ्या नावानं दाबावं लागेल.”

“दाबा. निदान निवाऱ्यात तिला आयतं तरी मिळंल.”

---

त्यानंतरच्या रामनवमीच्या उत्सवात पाचव्या दिवशी एक गोष्ट घडली. गोष्ट एवढीशी, पण ती सांगायला हवी.

आख्यानात युद्धाचं पद आलं आणि मुकुंदरावांची पेटी तापली. बोटं पुढं धावू लागली. जालिंदरनं दोन आवर्तनं वाट पाहिली, मग तबल्यावरचा हात उचलला आणि समोर माइक आहे हे विसरून म्हणाला, “मास्तर, टांगा सुटलाय तुमचा. लगाम धरा.”

अख्खा मंडप हसला. रोहिणीताईही पदर तोंडाला लावून हसल्या. मुकुंदराव सगळ्यांबरोबर हसले, पण चाळीस वर्षं पोरांना लय शिकवलेल्या माणसाला ते कुठंतरी लागलं. घरी आल्यावर त्यांनी पेटी उघडलीच नाही.

सहाव्या दिवशी रोहिणीताईंनी निरूपणाला भूतदया घेतली. बाई गोड गळ्याची आणि रोखठोक. “आपण पाषाणाच्या मूर्तीला गार लागेल म्हणून शाल पांघरतो,” त्या म्हणाल्या. “छान करतो. पण देवळाच्या दारात कुणी मुका जीव कण्हत असेल आणि आपण चप्पल घालून निघून जात असू, तर आत केलेली पूजा कुणाला पोचली? आता तर देवानं तुमच्या हातात मुक्याचं दुखणं ऐकणारं यंत्रही दिलंय. आता ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणायची सोय उरली नाही, मंडळी.”

मुकुंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कीर्तन त्यांना असंच लागायचं, लहानपणापासून. ऐकलेलं एक वाक्य घेऊन ते दुसरा दिवस काढायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते नेहमीप्रमाणे देवळाच्या तिसऱ्या पायरीवर बसले आणि फोन काढून एकेका जनावराकडे धरू लागले. घाटावरची गाय, दोन. पुजाऱ्याची मांजर, शून्य. एक म्हातारं कुत्रं, चार. त्यांना बरं वाटत होतं. नामस्मरणासारखंच हेही एक, असं मनात येत होतं. तेवढ्यात चार यात्रेकरू घेऊन जालिंदरचा टांगा उतारावरून आला. त्यांनी सहज फोन तिकडं वळवला. गौळण पायरीशी थांबली, माणसं उतरली, जालिंदर तिच्या मानेवर थाप मारून चहाला गेला.

आकडा आला, आठ.

मुकुंदरावांनी काच धोतराच्या सोग्यानं पुसली. पुन्हा धरला. आठ. गौळण शांत उभी होती. उजवा पुढचा पाय थोडा पुढं काढून, जशी नेहमी उभी राहायची तशी. लोक म्हणायचे, ऐटीत उभी राहते.

चहाची टपरी तीस पावलांवर होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. जालिंदर पाठमोरा उभा राहून बशीत चहा ओतत होता आणि कुणाला तरी काहीतरी सांगून हसवत होता.

माझंच सांगत असेल, असं मुकुंदरावांच्या मनात आलं. टांगा सुटलाय मास्तरांचा.

मग त्यांच्या मनात रोहिणीताईंचं वाक्य आलं. मग हेही आलं की जालिंदरला सांगून उपयोग नाही, तो थट्टेवारी नेईल. आणि कायदा आहे, आणि नाव गुप्त राहतं. यातलं आधी काय आलं आणि मागून काय आलं, हे त्यांना पुढं कितीही आठवून सांगता येईना. बटण त्यांनी दाबलं. यंत्रानं विचारलं, नक्की? त्यांनी पुन्हा दाबलं. मग हात जोडून देवळात गेले.

---

दुपारी तीनला पोलीस आले. मंडपात सतरंज्या पडत होत्या. फौजदार बाई तरुण होत्या, नाव काळसेकर. त्यांच्याबरोबर सरकारी डॉक्टर आणि मागं रॅम्प लावलेली निवाऱ्याची गाडी, ती वरच स्टँडाशी उभी होती. डॉक्टरांनी गौळणचा खूर चिमट्यानं दाबून पाहिला. तिनं पाय हिसकला, आणि एवढं मोठं अंग एकदम शहारलं.

“काका, मारहाणीचा आरोप नाही तुमच्यावर,” काळसेकर बाई म्हणाल्या. “दुखणाईत जनावर कामाला जुंपल्याचं कलम आहे.”

“दुखणाईत?” जालिंदरला कळेचना. “बाई, रोज पहाटं उठून खरारा करतोय. चंदी माझ्या हातानं घालतोय. माझ्या आधी ती खाती. तिला काय दुखतंय?” मग त्याला मुकुंदराव दिसले. त्याचा चेहरा उजळला. “मास्तर, तुम्ही सांगा यांना. तुम्ही तर रोज बसताय. कधी चाबूक बघितलाय माझ्या हातात?”

“नाही,” मुकुंदराव म्हणाले. “कधीच नाही. उलट ती... ती ठेक्यात चालते. साऱ्या गावाला माहीत आहे.”

फौजदार बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी टॅबवर चित्रफीत लावली. गौळण उतारावरून येत होती, पण हळू, चौपट हळू. तिच्या डोक्यावर यंत्रानं पिवळी रेघ काढली होती आणि ती रेघ लाटेसारखी वरखाली होत होती.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले. “उजव्या पुढच्या पायावर ती वजन देत नाहीये. तो टेकला की डोकं वर उचलते, भार कमी पडावा म्हणून. मग डावा पाय पडतो, तिथं सगळं वजन येतं, डोकं खाली जातं. म्हणून एक टाप भारी, एक हलकी. लंगडणंच आहे हे. दोन-तीन वर्षांचं असणार, अगदी सावकाश वाढलेलं. म्हणून डोळ्याला सवय होते.”

जालिंदर टॅबकडे बघत राहिला. डॉक्टरांनी चित्रफीत पुन्हा लावली, आता आवाजासकट आणि नेहमीच्या गतीनं. त्या आवाजावर त्याची बोटं आपोआप मांडीवर पडू लागली. चार टापांपर्यंत पडली आणि थांबली.

“म्हणजे ती धुमाळी नव्हती,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी टॅब बंद केला.

“मी तिच्यावर पदं म्हणत आणायचो, मास्तर. ती पाय टेकवायला भीत होती आणि मी वर बसून पदं म्हणत होतो.”

गौळणला उतार चढवून वर न्यायचं होतं. जालिंदरनं पंचनाम्यावर सही केली, तिचा साज उतरवला आणि स्वतः तिला घेऊन चढला. पावलापावलाला थांबत होता. पाऊण किलोमीटरला त्यांना तासभर लागला. त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस तबल्याशिवाय कीर्तन झालं. रामजन्माचं पद रोहिणीताईंनी नुसत्या टाळ्यांवर म्हटलं आणि लोकांनी पाळणा हलवला.

---

समारोपाच्या प्रसादानंतर मुकुंदरावांनी रोहिणीताईंना गाठलं. त्या बॅग भरत होत्या. पेटीमास्तरांना दोन दिवसांत म्हातारं झालेलं पाहून त्यांनी बसायला सांगितलं.

“ताई, तक्रार माझी होती.”

त्या थोडा वेळ टाळांना फडकं गुंडाळत राहिल्या.

“माझ्या कीर्तनामुळं?”

“हो. म्हणजे... बरंचसं.”

“आणि उरलेलं?”

त्यांनी पाचव्या दिवसाची गोष्ट सांगितली. माइकची. सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकं ते लहान होतं.

“मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल की मी बरोबर केलं,” ते शेवटी म्हणाले. “आकडा खरा होता ना.”

“घोडीच्या बाबतीत बरोबरच केलंत. तिची सुटका झाली.” रोहिणीताईंचा आवाज खाली आला. “पण मास्तर, मीही चुकले. मुक्या जिवाचं ऐका, एवढं सांगितलं, आणि खाली बसले. बोलणारा जीव शेजारी उभा असतो, त्याच्याशी आधी बोला, हे सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, ते काय सांगायचं, ते सगळ्यांना येतंच.” मग त्या म्हणाल्या, “त्याला सांगून टाका. आजच.”

मुकुंदरावांनी आज सांगितलं नाही. उद्याही नाही.

पुढच्या आठवड्यात केतकी निवाऱ्यात जाऊन आली आणि तिनं फोन केला. खुराच्या आत होडीच्या आकाराचं एक लहान हाड असतं, ते झिजलं होतं. कामाला ती पुन्हा लागायची नाही. पण वेगळी नाल आणि औषध लावलं तर मऊ जमिनीवर सुखानं आठ-दहा वर्षं जगेल.

“बाबा, एक सांगू? हे दुखणं तीन वर्षांचं आहे. म्हणजे आई बसायची तेव्हाही. मी पण बसले होते. दर सुट्टीला. मी शिकले काय, करते काय, आणि टांग्यात बसून नुसती नदी बघत होते.”

“जालिंदरला ती परत मिळेल का?”

“मिळू शकते. काम करून घेणार नाही असं लिहून दिलं, आणि त्यानं जाणूनबुजून केलेलं नाही हे सांगणारा साक्षीदार मिळाला, तर कोर्ट सोडतं. तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. नाहीतर ती कायमची निवाऱ्याची. पण त्यानं अर्जच केला नाहीये, बाबा. निवाऱ्यातल्या मुलीनं त्याला दोनदा फोन केला.”

“साक्षीदार कुणीही चालतो?”

“रोज पाहणारा हवा. आणि शपथेवर विचारतात, तक्रार तुमची आहे का म्हणून. हितसंबंध बघायला.”

म्हणजे साक्ष द्यायची तर नाव उघडं होणार. मुकुंदरावांनी कॅलेंडरवर पाहिलं. एकोणीस दिवस उरले होते. मग ते पंधरा झाले, मग नऊ. रोज सकाळी ते ठरवत आणि रोज देवळातून परस्पर घरी येत. तिसऱ्या पायरीवर बसायचं त्यांनी सोडलं होतं. देवापुढं उभं राहिलं की क्षमा मागावीशी वाटायची, आणि मागायला तोंड उघडलं की कळायचं, ही क्षमा देवाकडून मिळण्यातली नाही, हिचा मालक कुंभारआळीच्या पुढं राहतो.

चार दिवस उरले तेव्हा ते गेले.

---

दार मंगलवहिनींनी उघडलं. “या मास्तर,” म्हणाल्या, पण पाणी आणायला आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. जालिंदर मोकळ्या पागेत ओट्यावर बसला होता. टांगा भिंतीला लावलेला, दांड्या आभाळाकडं.

“जालिंदर, तुला एक सांगायचंय.”

“मला ठाव हाय, मास्तर.”

“काय ठाऊक आहे?”

“तो व्हिडिओ तिसऱ्या पायरीवरनं काढलावता. सकाळी साडेसातला तिसऱ्या पायरीवर कोण बसतं, हे सांगायला फौजदार कशाला लागतोय?” तो मुकुंदरावांकडे न बघता बोलत होता. “त्याच दिवशी कळलं. म्हटलं, येतील सांगायला. आठवडा वाट बघितली. मग वाट बघायची सोडली.”

मुकुंदराव ओट्याच्या कडेला टेकले.

“तक्रार केली त्याचा मला राग न्हाई,” जालिंदर म्हणाला. “तिला दुखत हुतं. मी आंधळा हुतो. तुम्ही नसतं केलं तर आज बी मी तिला पळवत असतो. त्यात तुमचं काय चुकलं? पण मी तीस पावलांवर चहा पीत हुतो. अठरा वर्सं तुमच्या शेजारी बसलो. तुम्ही ते आधी पोलिसांना सांगितलं.”

“मला वाटलं, तू ऐकणार नाहीस.”

“कदाचित नसतं बी ऐकलं.”

“मग?”

“मग काय? कदाचित ऐकलं असतं. टांगा तिथंच सोडला असता, माझ्या हातानं. डॉक्टर आणला असता.” त्यानं पहिल्यांदा मान वर केली. “आता ते कसं कळायचं, मास्तर? मी कसा माणूस हाय, हे मला कळायची एकच येळ आलीवती. ती तुम्ही माझ्या हातातनं काढून घेतली.”

आयुष्यभर ऐकलेली सगळी निरूपणं मुकुंदरावांनी मनात चाचपली. एकातही याचं उत्तर नव्हतं.

“अर्ज कर,” ते अखेर म्हणाले. “चार दिवस आहेत. मी साक्ष देतो.”

“कुठल्या तोंडानं आणू तिला? तिनं माझ्याकडं बघितलं तर काय वाटंल तिला?”

“तिला काय वाटेल ते कुठल्या यंत्राला कळत नाही. पण निवाऱ्यातली मुलगी म्हणते, माणूस आला की ती फाटकाशी येते, वास घेते आणि परत जाते. प्रत्येकाचा वास घेते.”

जालिंदर ओट्यावरून उठला. मग आत वळून त्यानं मंगलला हाक मारली आणि विचारलं, “ते कोर्टाचं कागद कुठं ठेवलंस गं?”

---

तालुक्याच्या कोर्टात अर्धा तास लागला. मुकुंदरावांनी शपथेवर सांगितलं, तक्रार माझी. मालकानं कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, त्याला माहीत नव्हतं. मग न विचारताच त्यांनी पुढं जोडलं, “साहेब, ती लंगडत होती आणि आम्ही सगळे तिला वाहवा देत होतो. मालक दोषी असेल तर त्या टांग्यात बसून माना डोलावणारेही दोषी धरावेत. त्यात मी पहिला.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडं पाहिलं. “प्रवाशासाठी कलम नाही, पोतनीस,” ते म्हणाले, पण हळू म्हणाले, आणि आदेश सांगितला.

दुपारी निवाऱ्याची गाडी कोर्टाच्या आवारातच आली, गौळणला घेऊन. जालिंदर तिला हरिसंगमला नेणार नव्हता. पलीकडच्या काठाला त्याच्या बहिणीचा मळा होता, नदीकडची जमीन भुसभुशीत. तिच्यासाठी तीच बरी. तोही तिथंच राहणार होता, मंगलवहिनी सामान आवरून मागून जाणार होत्या. देवळात तबल्याला कोण, हे मुकुंदरावांनी विचारलं नाही.

गाडीत गौळण उभी होती. जालिंदर रॅम्पवरून चढला तशी तिनं नाक पुढं केलं, त्याच्या सदऱ्याचा वास घेतला, बाहीचा घेतला, मग पुन्हा सदऱ्याचा. ती परत वळली नाही. त्यानं कपाळ तिच्या मानेला टेकवलं. गाडीवाल्यानं त्याला पुढं केबिनमध्ये बसायला सांगितलं. तो म्हणाला, मी इथंच बरा.

“मी येऊ का बरोबर?” मुकुंदराव खालून म्हणाले. “मळ्यापर्यंत. धरायला दुसरं माणूस असलेलं बरं.”

“नको. ती उभी ऱ्हाते नीट.” जालिंदर तिच्या आयाळीतून बोटं फिरवत होता. “तुम्ही आलात, साक्ष दिलीत, लई झालं. फळी तेवढी लावा, साहेब.”

अठरा वर्षांत त्यानं त्यांना कधी साहेब म्हटलं नव्हतं.

मुकुंदरावांनी रॅम्पची ती फळी उचलली. ती वाटली होती त्यापेक्षा जड होती. एका बाजूची कडी बसली. दुसरी वाकलेली होती, काही केल्या भोकात जाईना. आतून जालिंदर दिसत होता, घोडीच्या मानेआड अर्धा. तो थांबला होता. मुकुंदरावांनी फळी छातीनं रेटून धरली, दोन्ही हातांनी कडी दाबून बसवली, आणि बाजूला होऊन गाडीवाल्याला हातानं खूण केली.